कला महाविद्यालयाचं माहितीपत्रक कसं वाचावं? जेजेच्या निमित्ताने

प्रश्न सांगलीच्या एका ताईंचा आहे. त्यांची मुलगी बारावीत आहे, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही सरकारी परीक्षांत ए ग्रेड, आणि फाइन आर्टलाच जायचं म्हणून हटून बसली आहे. ताईंनी दोन ठिकाणची माहिती जमवली. एका खासगी कॉलेजच्या पत्रकात गेल्या वर्षीच्या उपक्रमांनी तीन पानं भरली आहेत. दुसरं मुंबईचं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. तिथल्या माजी विद्यार्थ्यांची नावं वाचून घरातले विरोधकही गप्प झाले. त्या विचारतात, "या उपक्रमांवरून आणि या नावांवरून कॉलेज कसं आहे ते कळतं का? आणि जेजे आता विद्यापीठ झालं म्हणजे नेमकं काय झालं?"

ताई, मी जेजेत शिकलो, पुढे तीसेक वर्षं निरनिराळ्या कला महाविद्यालयांत शिकवलं आणि अशी पत्रकं स्वतः लिहिलीही आहेत. त्यामुळे उपक्रमांची पानं कशी भरतात हे मला चांगलंच ठाऊक आहे. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकची समिती यायची असली की ऑफिसातून निरोप येई, 'सर, काहीही करा पण फोटो काढून ठेवा.' एका कॉलेजात मी पोर्ट्रेटचा डेमो द्यायला चाळीस मिनिटं उशिरा पोचलो, तर फलकावर 'प्रात्यक्षिक उत्साहात संपन्न' असं आधीच लागलेलं होतं! मॉडेल म्हणून बसवलेले शिपाईमामा बिचारे अजून खुर्चीवरच होते.

तेव्हा उपक्रम किती झाले ते मोजू नका. प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहा: यात पोरांचे हात किती दिवस मळले? पाहुणे आले, दीपप्रज्वलन झालं, दीड तासात चित्र पूर्ण झालं, टाळ्या झाल्या, यात पोरं प्रेक्षक असतात. चांगला डेमो पाहण्यासारखा असतो, मी नाही म्हणत नाही. वासुदेव कामतांसारखा चित्रकार समोर बसलेल्याचा चेहरा कागदावर आणताना पाहणं हे शिक्षणच आहे. पण दुसऱ्या दिवशी त्याच मॉडेलसमोर पोरांना डाँकीवर (घोड्यासारखा असतो तो आमचा ड्रॉइंगचा बाक) आठवडाभर बसवलं का? तसं झालं नसेल तर तो डेमो करमणुकीत जमा.

जेजेचे जुने उपक्रम काय होते ते सांगतो, म्हणजे मापाला एक पट्टी मिळेल. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी दिलेल्या लाख रुपयांच्या देणगीतून ही शाळा १८५७ साली सुरू झाली. १८६५ मध्ये जॉन लॉकवुड किपलिंग वास्तुशिल्प शिकवायला आले. त्यांचा मुलगा, 'जंगल बुक'वाला रुडयार्ड, त्याच वर्षी डिसेंबरात याच आवारात जन्मला, आणि लोक आवारात शिरले की पहिली चौकशी त्याच्या घराची करतात. बापाचं काम पाहायला मात्र पाच मिनिटं चालत क्रॉफर्ड मार्केटला जावं लागतं. तिथल्या दारांवर शेतात राबणाऱ्या माणसांची उठावशिल्पं आहेत, ती त्यांची. खाली लिंबू-मिरचीचा भाव करताना वर कुणी बघत नाही, एवढंच.

समोरचं व्हीटी, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, १८७८ ते १८८८ या काळात उभं राहिलं. आराखडा फ्रेडरिक स्टीव्हन्स यांचा, पण दगडात कोरलेली पानंफुलं, पशुपक्षी यांतलं बरंचसं काम जेजेचे शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली जेजेच्या विद्यार्थ्यांनी केलं. त्याच ग्रिफिथ्सनी १८७२ पासून १८८५ पर्यंत विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन भित्तिचित्रांच्या प्रती करून घेतल्या. अंधारात, वटवाघळांच्या वासात, वर्षानुवर्षं. त्या प्रती लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात गेल्या आणि त्यांतल्या बऱ्याच १८८५ च्या आगीत जळाल्या. प्रती गेल्या, पण अजिंठ्याची रेषा हाताखालून गेलेली एक पिढी तयार झाली. पुढे जेजेचे प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी १९१९ च्या सुमारास नग्न मॉडेलवरून लाइफ स्टडी सुरू केली, भित्तिचित्रांचा वर्ग चालवला आणि १९२८-२९ मध्ये पोरांना दिल्लीच्या सचिवालयात नॉर्थ ब्लॉकच्या भिंती रंगवायला लावल्या.

हे सगळं साहेबाच्या सोयीसाठी होतं, हेही खरं. त्याला इमारतींना कारागीर हवे होते, दिल्लीला सजावट हवी होती. तरी शहराला लागणारं खरं काम, खऱ्या मापाचं, खऱ्या मुदतीचं, विद्यार्थ्याच्या हातात पडत होतं. आज एखादं कॉलेज स्टेशनच्या भिंती रंगवतं, त्याची बातमी येते. ती वाचताना बघा की चित्र कुणाचं आहे. नगरपालिकेने दिलेल्या स्टेन्सिलमध्ये रंग भरायला शंभर पोरं उभी केली असतील, तर ती बिनपगारी मजुरी आहे. पोरांनी जागा पाहिली, स्केचेस केली, ती नाकारली गेली, पुन्हा केली आणि मग भिंतीवर चढली असतील, तर त्या कॉलेजचा पत्ता जपून ठेवा.

महाराष्ट्राबाहेरचं एक उदाहरण देतो, त्यातही आपला धागा आहेच. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी १९५० मध्ये सुरू झाली आणि तिथल्या चित्रकला विभागाची धुरा इंदूरच्या नारायण श्रीधर बेंद्रे यांच्याकडे होती. १९६१ पासून तिथे फाइन आर्ट्स फेअर भरू लागला. शिक्षक-विद्यार्थी एकत्र बसून खेळणी, मुखवटे, बाहुल्या, मातीच्या वस्तू करतात आणि गावातले लोक येऊन विकत घेतात. के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखा शिक्षक लाकडाची खेळणी करत बसलेला पाहिल्यावर पोराला 'हे हलकं काम, ते भारी काम' असली बडेजाव करायची सोयच राहत नाही. उपक्रम म्हणतात तो असा.

आता माजी विद्यार्थ्यांच्या त्या यादीकडे वळू.

जेजेची यादी कुणीही वाचावी आणि दबून जावं अशीच आहे. कोल्हापूरचे म. वि. धुरंधर तिथेच शिकले, तिथेच आयुष्यभर शिकवलं. दादासाहेब फाळके १८८५ मध्ये तिथे होते. कोल्हापूरच्याच भानू अथैय्या जेजेच्या सुवर्णपदक विजेत्या. मासिकांसाठी फॅशनची चित्रं काढता काढता त्या वेशभूषेकडे वळल्या आणि 'गांधी' सिनेमाच्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये भारताला पहिलं ऑस्कर मिळवून दिलं. चित्रकारांत रझा, तय्यब मेहता, गायतोंडे, अकबर पदमसी, बरवे. अमोल पालेकर आणि नाना पाटेकरही तिथलेच, आणि उद्धव व राज ठाकरे दोघंही उपयोजित कलेचे (म्हणजे कमर्शियल आर्टचे) विद्यार्थी. या शेवटच्या चार नावांवर घरातले आजोबा खूश होतात, पण पालेकरांचा अभिनय किंवा ठाकऱ्यांचं राजकारण हे काही फाइन आर्टच्या वर्गात शिकवत नाहीत.

ताजी नावंही आहेत. २०२५ च्या पद्म पुरस्कारांत सुलेखनकार अच्युत पालव आणि चित्रकार वासुदेव कामत दोघांनाही पद्मश्री मिळाली. दोघंही जेजेचे. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे शिल्पकार राम सुतार यांना त्याच वर्षी महाराष्ट्रभूषण जाहीर झाला. डिसेंबरात ते गेले, वयाची शंभरी पार करून. आणि बाजाराच्या भाषेत बोलायचं तर एप्रिल २०२५ मध्ये तय्यब मेहतांचं बैलाचं एक चित्र लिलावात ६१.८ कोटींना गेलं, सप्टेंबरात गायतोंड्यांचं एक ६७.०८ कोटींना.

ही नावं खरी आहेत, त्यात काडीचा खोटेपणा नाही. पण ती वाचताना वर्षांकडे बघा. सुतार जेजेतून सुवर्णपदक घेऊन १९५३ मध्ये बाहेर पडले. मग काही वर्षं पुरातत्त्व खात्यात वेरूळ-अजिंठ्याच्या मूर्तींच्या डागडुजीचं काम केलं, मग दिल्लीला सरकारी नोकरी, ती सोडून स्वतःचा स्टुडिओ. १८२ मीटरचा सरदार पटेलांचा पुतळा उभा राहिला २०१८ मध्ये. पदकापासून पुतळ्यापर्यंत ६५ वर्षं. गायतोंडे १९४८ मध्ये डिप्लोमा घेऊन निघाले, १९७१ मध्ये पद्मश्री झाले, २००१ मध्ये गेले. न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं ते २०१४ मध्ये. वर्षाला मोजकीच चित्रं करणारा हा माणूस. ६७ कोटींतला रुपयाही त्यांच्या हाती लागलेला नाही. तय्यब मेहतांचं ते बैलाचं चित्र १९५६ चं. तेव्हा ते ज्या भावाने गेलं असेल त्यात आज फ्रेमसुद्धा होणार नाही.

म्हणजे आजच्या पत्रकात छापलेलं यश हे कॉलेजच्या पन्नास-पाऊणशे वर्षांपूर्वीच्या वर्गांचं आहे. त्या वर्गात कोण शिकवत होतं, फेलोशिप मिळालेली वरची पोरं खालच्यांना रात्री किती वाजेपर्यंत शिकवत बसत, हे सगळं त्यात आलं. तुमच्या मुलीला त्या वर्गात बसता येणार नाही.

शिवाय यश कॉलेजचं किती आणि माणसाचं किती, हाही घोळ आहेच. चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा जेजेचे म्हणून आज अभिमानाने सांगतात. जेजेने त्यांना १९४५ मध्ये राजकीय चळवळीपायी काढून टाकलं होतं. दोनच वर्षांत त्यांनी इतर पाच जणांसह प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा आधुनिक कलावंतांचा गट काढला. त्या सहा संस्थापकांत रझा आणि सदानंद बाकरे जेजेचे, पण के. एच. आरा घरकाम करून, मोटारी धुऊन पोट भरणारे होते आणि हुसेन सिनेमाचे फलक रंगवत. प्रभाकर बरवे जेजेतून निघाले आणि विणकर सेवा केंद्रात नोकरीला लागले. तिथून बनारसला बदली झाली आणि बनारसने त्यांच्या चित्रांची दिशाच पालटली. वीसेक वर्षं त्यांनी ती नोकरी केली. पालवांनी विद्यार्थिदशा संपता संपता मोडी लिपी धरली, तेव्हा मोडी म्हणजे दप्तरखान्यातली धूळ होती. 'अक्षरांवर पोट भरणार का?' असं त्यांना किती जणांनी विचारलं असेल याची मला कल्पना आहे, कारण त्या काळात मीही दोघाचौघांना तेच विचारलं होतं.

तरीही कॉलेजचं श्रेय शून्य म्हणता येत नाही, आणि त्याचा पुरावा मला कोचीत दिसतो. कोची-मुझिरिस बिएनाले (दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन) २०१२ मध्ये सुरू केली बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू यांनी. दोघं केरळचे, दोघं जेजेचे. दुसरी २०१४ ची जितीश कल्लात यांनी मांडली, तिसरी २०१६ ची सुदर्शन शेट्टी यांनी. तेही जेजेचे. सलग तीन वेळा देशातलं सर्वांत मोठं कलाप्रदर्शन एकाच आवारातून गेलेल्या माणसांनी उभं केलं. हे अभ्यासक्रमाने घडत नाही, कँटीनने घडतं. वर्गातल्या वर्गात वाद घालणारी, एकमेकांच्या प्रदर्शनाला भिंती घासायला जाणारी माणसं जिथे भेटतात तिथे घडतं. मुंबईत हे जास्त होतं, कारण जेजेतून निघून जहांगीर आर्ट गॅलरी, एनजीएमए (आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय), काळा घोडा सगळं पायी फिरता येतं. सांगली-कोल्हापूरच्या पोरांना हे जड जातं. घरभाडं, लोकलची गर्दी, पहिल्या वर्षी 'आपण गावचे' ही भीती. पण तुमच्या मुलीचा फायदा व्हायचा तो इथेच होईल.

आता विद्यापीठाचं. जेजेत एकेकाळी सरकारी डिप्लोमा होता, जी. डी. आर्ट; माझ्या भिंतीवर तोच आहे. १९८१ पासून मुंबई विद्यापीठाची बीएफए (बॅचलर ऑफ फाइन आर्ट) पदवी आली. ऑक्टोबर २०२३ मध्ये स्कूल ऑफ आर्ट, उपयोजित कला संस्था आणि वास्तुकला महाविद्यालय या तिन्ही मिळून अभिमत विद्यापीठ झालं. उपयोजित कला आणि वास्तुकला १९५८ पासून वेगळ्या चुलीवर होत्या, त्या पुन्हा एका छताखाली आल्या. म्हणजे अभ्यासक्रम, परीक्षा, पदवी हे सगळं आता घरचंच. हे चांगलं होऊ शकतं. मुंबई विद्यापीठाच्या चौकटीत चित्राच्या परीक्षेला आणि कॉमर्सच्या परीक्षेला एकच वेळापत्रकी शिस्त लावली जाई, ती कटकट गेली. शिल्पकलेचं पोर वास्तुकलेच्या वर्गात जाऊन बसू शकेल, छपाईचं पोर टायपोग्राफी घेऊ शकेल, असं व्हायला हवं.

पण मला आनंदाइतकीच धास्तीही आहे. अभिमत म्हटलं की फी वाढते, हा आपला आजवरचा अनुभव. आणि कायम शिक्षकांच्या रिकाम्या जागा हा राज्यातल्या सरकारी कला महाविद्यालयांचा, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर तिन्हींचा, जुना आजार आहे. पाटी बदलल्याने आजार जात नाही. तेव्हा तुम्ही प्रवेशाच्या वेळी नावांची यादी मागू नका, शिक्षकांची मागा. कोण कायम आहे, कोण तासिका तत्त्वावर, कोण स्वतः अजून काम करतं. तासिकेवरचे शिक्षक वाईट असतात असं अजिबात नाही, काही सर्वोत्तम शिक्षक मी तसेच पाहिले. पण तीन महिन्यांचा पगार थकलेला माणूस पोराच्या चित्रापुढे तासभर उभा राहत नाही.

आणि कॉलेज पाहायला जा. दोन्ही कॉलेजं. वार्षिक प्रदर्शन साधारण जानेवारी-फेब्रुवारीत असतं, तेव्हा जा. बक्षिसाच्या चिठ्ठ्या लावलेली चित्रं सोडा. ती सगळीकडे चांगलीच असतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या भिंतीवर कोपऱ्यात लावलेली बघा. सगळी एकाच शिक्षकाच्या हातची वाटतात का? सगळ्यांच्या पोर्ट्रेटमध्ये तोच तपकिरी, तेच ब्रशचे फटके? मग तिथे पोरं शिक्षकाची नक्कल शिकतायत. शिल्प विभागात माती ओली आहे का, भट्टी शेवटची कधी पेटली, प्रिंटमेकिंगच्या प्रेसवर धूळ आहे की शाई, हे बघा. ग्रंथालयात जाऊन पुस्तकांच्या मागच्या तारखांच्या चिठ्ठ्या चाळा. दुपारी चारनंतर वर्ग उघडे असतात की कुलूप, हे शिपायाला विचारा. पत्रकापेक्षा शिपाई जास्त सांगतो.

माजी विद्यार्थी भेटायचेच असतील तर पाच-सात वर्षांपूर्वी बाहेर पडलेले तिघं-चौघं शोधा. माझ्या वर्गातलं सांगतो: एक जण पेणला गणपतीचा कारखाना सांभाळतो आणि त्याच्या मूर्तींचे डोळे बघायला लोक लांबून येतात. एकीने एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, करून जिल्हा परिषदेच्या शाळेत कलाशिक्षिका म्हणून आयुष्य काढलं. दोघं जाहिरात एजन्सीत गेले, त्यातला एक लवकर दमला. एक गोरेगावला फिल्मसिटीत सेट करतो. एकाने चित्र सोडलं आणि दुकान काढलं, तो अजून भेटला की आधी कोबाल्ट ब्ल्यूचा भाव विचारतो. फक्त चित्रं विकून जगणारा एकच, आणि त्याच्या बायकोची बँकेत नोकरी होती. यातलं कुणीही कुठल्या पत्रकात नाही. आजच्या पोरांना ॲनिमेशन, गेम, ॲपचं डिझाइन अशी दारं जास्त आहेत, आणि ड्रॉइंग पक्कं असलेल्याला तिथे मान आहे. तुमच्या घरातल्या विरोधकांना हे दाखवा, ६७ कोटी दाखवू नका. आकडा बघून हो म्हणणारे दुसऱ्या वर्षी उलटतात.

गोव्याची एक आठवण इथे राहवत नाही. मडगावचे चित्रकार लक्ष्मण पै जेजेत शिकले, दहा वर्षं पॅरिसला राहिले आणि १९७७ ते १९८७ पणजीच्या गोवा कला महाविद्यालयाचे प्राचार्य होते. पद्मभूषण मिळालं २०१८ मध्ये. पॅरिस पाहून आलेला चित्रकार आल्तिनोच्या टेकडीवरच्या लहानशा कॉलेजात रोज सकाळी येऊन बसायचा, ही त्या पोरांची केवढी मिळकत! अशी मिळकत कुठल्याही कॉलेजात असू शकते, कधीकधी तालुक्याच्या गावीसुद्धा. त्या खासगी कॉलेजात असा कुणी आहे का, ते आधी बघा. असेल तर तीन पानांचे उपक्रम माफ.

प्रवेश परीक्षेचं, सीईटीचं, म्हणाल तर नियम आणि तारखा त्या त्या वर्षीच्या अधिकृत सूचनेवरूनच घ्या, माझ्यासारख्या जुन्या माणसाच्या तोंडून नको. तयारीचं मात्र सांगतो. स्मरणचित्रात पोरं मार खातात, कारण ती फोटोवरून शिकलेली असतात. मुलीला सांगलीच्या एसटी स्टँडवर नाहीतर हळदीच्या सौद्यात रोज अर्धा तास बसवा, पेन घेऊन, खोडरबर घरी ठेवून. घरी आल्यावर वही मिटून तेच पुन्हा काढायला लावा. मेपर्यंत तीन वह्या भरतील. मला भेटायला याल तेव्हा त्या तिन्ही आणा. ए ग्रेडची प्रमाणपत्रं नाही आणली तरी चालेल.